तीन म्हटल्यावर

"हसा," प्रेमिला म्हणाली आणि दाढीचा आरसा तिनं भैय्याजींच्या तोंडासमोर धरला.

भैय्याजींनी आरशात पाहिलं. ओठांची डावी कड हलली, तिच्या मागून उजवी निघाली आणि दोन्ही अर्ध्या वाटेत थांबल्या. दात दिसले. डोळे मात्र बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे कोरडेच राहिले.

"असं?" ताणलेल्या ओठांतूनच त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अलीकडे इतका बारीक झाला होता की जवळ बसल्याशिवाय कळत नसे.

"अजून थोडं."

"अजून केलं तं दंतमंजन विकणारा दिसीन मी."

प्रेमिलाला खुदकन हसू आलं. हसता हसता तिनं जुन्या सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि जुन्या सवयीनंच तिची फजिती झाली. विनोद करणाऱ्या माणसाचा चेहरा पुन्हा पुसल्या पाटीसारखा झाला होता. गेली काही वर्षं या घरात हे असंच चाललं होतं. विनोद त्यांनी करायचा आणि हसायचं तिनं एकटीनं. तरी तिचं ते वळून पाहणं काही सुटत नव्हतं.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "दुपारी काटोलले जायचं आहे."

काटोलला जायचं होतं ते मेघाच्या सोयरिकीसाठी. मेघा या दोघांची एकुलती एक मुलगी. हिंगण्याच्या एका कारखान्यात ती तयार माल तपासायचं काम करते, आणि मोहितशी तिची ओळख तिथलीच. मोहितचे वडील मारोतराव काटोलला संत्र्याचा व्यापार करतात. पोरांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं, मोठ्यांनी फक्त मान डोलवायची होती. त्यासाठी मारोतराव नवरा-बायको वाडीला भैय्याजींच्या घरी येऊनही गेले. पोहे झाले, चहा झाला, गप्पाही बऱ्या झाल्या. आठवडा उलटला नाही तोच मोहितकडून निरोप आला. मुलीच्या वडिलांच्या मनात नाही असं दिसतं, आमचं काही चुकलं असेल तर सांगा, पण मन मारून कोणी सोयरीक करू नये.

घोडं कुठं अडलं ते प्रेमिलाला त्याच क्षणी कळलं. पाहुणे यायचे म्हणून तिनं जय्यत तयारी केली होती. भैय्याजींचा उजवा हात थरथरतो, म्हणून त्या हातावर शाल टाकली. चालताना त्यांचे पाय मधेच जमिनीला चिकटतात, म्हणून पाहुणे दारात यायच्या आधीच त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. आजार कळला तर पोरीलाही होईल का असं विचारतील, ही तिची धास्ती. एकदा साक्षगंध होऊ दे, मग सावकाश सांगू, असा तिचा हिशेब होता. हात लपवला, पाय लपवले. चेहरा लपवायचं मात्र कोणाला सुचलं नाही, आणि तो सगळा वेळ पाहुण्यांसमोर सुतकात बसल्यासारखा उघडा होता.

मेघानं आईला बोल लावला नाही. ती कामावर जायची, यायची आणि जेवताना ताटात पाहायची. पोरीचं ते गप्प राहणं प्रेमिलाला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी तिनंच मोहितला फोन केला आणि सांगितलं, येत्या रविवारी आम्ही तुमचं घर पाहायला येतो. आजाराचं मात्र तेव्हाही तिच्या तोंडून निघालं नाही. हुकमी हसायला शिकवलं की भागेल, असं तिला वाटत होतं.

हे हसणं शिकवायची कल्पना तिची नव्हती, धंतोलीतल्या डॉक्टरांची होती. मोठा सज्जन माणूस, घाई न करता बोलायचा. त्यांनी सांगितलं होतं की हात थरथरायला लागला तो या आजाराचा पहिला दिवस नव्हे. मेंदूतल्या ज्या पेशी हालचालीला बळ पुरवतात, त्या कितीतरी वर्षं आधीपासून एकेक करून मरत होत्या आणि बाकीचा मेंदू कोणाला पत्ता लागू न देता त्यांची कामं वाटून घेत होता. निभेनासं झालं तेव्हा कुठं हात थरथरला. प्रेमिलाला हे चटकन उमगलं. एक जाऊ अंथरुणाला खिळली की बाकीच्या जावा तिच्या वाट्याचा स्वयंपाक उरकतात आणि बैठकीत जेवणाऱ्यांना काहीच कळत नाही, असं तिनं माहेरी पाहिलं होतं.

मग चेहऱ्याचं त्यांनी सांगितलं. आपोआप येणारं हसू मेंदूत एका वाटेनं येतं आणि ठरवून आणलेलं हसू दुसऱ्या. यांची पहिली वाट बंद पडत चालली आहे, पण दुसरी अजून चालू आहे. तर जी चालू आहे तिच्यावरून जायची सवय लावा, आरसा धरा, रोज करा.

प्रेमिलानं मान हलवली होती. पण घरी येताना ऑटोत तिला रडू फुटलं होतं, कारण ठरवून आणलेल्या हसण्याचा भैय्याजींना किती तिटकारा, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

भैय्याजींचा वाडीच्या नाक्याजवळ फोटो स्टुडिओ होता. लायसनसाठी फोटो काढायला येणारे ट्रक ड्रायव्हर, गोदामांतले हमाल, शाळेची पोरं, लग्नाच्या मुली, सगळे त्यांच्या त्या लाकडी स्टुलावर बसून गेले. पण 'हसा' असं त्यांनी कधी कोणाला म्हटलं नाही. हुकमाचं हसू फोटोत सडक्या संत्र्यासारखं लगेच ओळखू येतं, असं ते म्हणत. त्यांची रीत वेगळी होती. ते मोठ्यांदा एक, दोन, तीन म्हणत. समोरचा माणूस तिनापर्यंत श्वास धरून ताठ बसे. आणि तीन म्हटल्यावर भैय्याजी काहीच करत नसत. माणूस वाट पाही, गोंधळे, निघाला का फोटो म्हणून विचारू पाही, आणि मग स्वतःच्याच ताठरपणाचं त्याला हसू येई. नेमकं तेव्हा ते बटण दाबत.

प्रेमिलाही त्या स्टुलावर बसली होती. अमरावतीच्या एका स्थळाला पाठवायला तिचा फोटो हवा होता. एक, दोन, तीन झालं, काहीच झालं नाही, आणि तिनं वर पाहिलं तर कॅमेऱ्यामागचा तो पोरगा तिच्याकडे पाहून हसत होता. डावा गाल आधी, मग डोळे, मग सगळा चेहरा. तिलाही हसू आलं, आणि बटण दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील फोटो न्यायला गेले तर त्यानं गंभीर तोंड करून सांगितलं की मुलीची नजर चुकली, ती कॅमेऱ्यात पाहतच नाही, वर पाहते. "फोटो परत काढा लागन." परत काढला, पुन्हा तेच झालं. अमरावतीला फोटो गेलाच नाही. त्याआधी भैय्याजींचे काका मागणी घेऊन आले. तो चुकलेला फोटो अजून घरात भिंतीवर आहे, आणि त्यातली प्रेमिला अजून कॅमेऱ्याच्या जरा वर पाहते आहे.

आता स्टुडिओच्या जागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भैय्याजी घरी असतात, आणि ते डाव्या गालातून सुरू होणारं हसू कुठं गेलं ते प्रेमिला शोधत असते. कधी गेलं तेही तिला धड सांगता येत नाही. सुरुवातीला तिला वाटलं, संसार जुना झाला, माणसाचं मन उडालं. ते अंगठा बोटावर सारखा घासायला लागले तेव्हा तिला वाटलं, सोडलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा पुन्हा धरला आणि पुडी नसतानाही हाताला घोटायची सवय लागली. तिनं त्यांचे खिसे उलटेपालटे केले होते, भांडलीही होती. ते आजाराचं घासणं होतं हे पुढं कळलं. मग तिनं त्यांच्यावर रागावणं सोडलं, पण ते हसू हवंसं वाटणं काही तिला सोडता आलं नाही. गोळ्या वेळेवर देता येतात, पाय अडला की पुढ्यात आपलं पाऊल आडवं ठेवून 'हे ओलांडा' म्हणता येतं. हसू कुठून आणायचं? कधी कधी दुपारी ते झोपले असताना ती भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राही आणि आपण तेव्हा नेमकं काय पाहत होतो ते आठवू पाही.

मुलीनं साक्षगंधाआधी मुलाच्या घरी जायचं नसतं, असं प्रेमिला म्हणाली होती. मेघानं विचारलं, "मंग गाडी कोण चालवन?" तेव्हा तिघंही निघाली.

वाटेत प्रेमिलानं भैय्याजींकडून पुन्हा एकदा घोकून घेतलं. मी कोपराला हात लावला की हसायचं. ते बरं म्हणाले. बाहेर दुतर्फा बागा होत्या, आंबिया बहाराची संत्री झाडांना लगडली होती. भैय्याजी खिडकीतून पाहत होते. त्यांना ते आवडत होतं की नाही, ते तिला कळलं नाही.

मारोतरावांच्या अंगणात संत्र्यांचे क्रेट रचले होते. स्वागत नीट झालं, पण जपून झालं. पहिल्या भेटीत मारोतराव मोकळेपणानं बोलले होते, या वेळी प्रत्येक वाक्यानंतर ते भैय्याजींच्या चेहऱ्याकडे पाहून घेत. मोहित दाराशी उभा होता. मेघा आईच्या बाजूला बसली आणि कपातला चहा नुसता पाहत राहिली. शाल भैय्याजींच्या हातावर होतीच.

मग मारोतरावांनी एक किस्सा सांगितला. कोणी दिल्लीचा व्यापारी बागेत आला, झाडाखाली उभा राहून फोनवर बायकोशी भांडला, आणि भांडणाच्या नादात भाव न करताच सगळी बाग घेऊन गेला. सगळे हसले. प्रेमिलानं भैय्याजींच्या कोपराला हात लावला.

काही झालं नाही. ती वाट पाहत राहिली. तेवढ्यात मोहितची आई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे वळली. "आमच्या सासूबाईंले हा किस्सा लय आवडे," ती म्हणाली. "श्रावणात गेल्या. नातवाचं लगन पाहूनच जाईन म्हणत होत्या. नाही झालं."

तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि नेमकं तेव्हा भैय्याजींचं हसू पोचलं. आधी डावी कड, मग उजवी, मग सगळे दात. दुसऱ्या वाटेनं निघालेलं ते हसू उशिरा आलं होतं, आणि आल्यावर त्याला परत जाता येईना. भैय्याजी हार घातलेल्या फोटोकडे पाहत तसेच हसत राहिले.

मारोतरावांनी कप खाली ठेवला. मोहितनं मान खाली घातली. मेघा हलक्या आवाजात "बाबा" म्हणाली, आणि त्या एका शब्दानं प्रेमिलाच्या काळजाला घरं पडली. आपण हे काय करून ठेवलं? आयुष्यभर ज्या माणसानं कोणाला खोटं हसू दिलं नाही, त्याच्या तोंडावर आपण ते हातानं चिकटवलं.

तिनं हात लांब करून शाल ओढून घेतली. खालचा हात मांडीवर थरथरत होता आणि अंगठा बोटावर घासत होता.

"भाऊ, ह्यायले आजार आहे," ती म्हणाली. "पार्किन्सन म्हणतात. तुमच्यापासून मी लपवलं, ह्यायनं नाही. ह्यायच्या चेहऱ्यावर आपोआप काही उमटत नाही. हे आता हसले, ते मी शिकवलेलं हसले. माह्याच्यानं चुकलं."

 मग मोहितच्या आईनं तोच प्रश्न विचारला ज्याच्या भीतीनं प्रेमिला इतके दिवस अर्धी झाली होती. उत्तर मेघानं दिलं. डॉक्टरांना तिनं स्वतः विचारलं होतं. बहुतेक घरांत हा आजार आईबापाकडून पोरांकडे जात नाही, पण होणारच नाही असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, आणि हे सगळं मोहितला पहिल्यापासून माहीत होतं. मोहितनं मान हलवली. प्रेमिलानं सांगू नको म्हटलं म्हणून तिनं त्यालाही घरी बोलू दिलं नव्हतं, एवढंच.

 मग मोहितची आई प्रेमिलाशी नाही, मेघाशी नाही, सरळ भैय्याजींशी बोलली.

"मंग त्या दिवशी तुम्ही नाराज नव्हते?"

भैय्याजींचे ओठ तोवर मिटले होते. आवाज गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"नाराज?" ते म्हणाले. "त्या दिवशी तं मी हसूनच राहिलो होतो."

खोलीत कोणाला काही समजलं नाही.

"पूरा वेळ," ते म्हणाले. "पोरगा पसंत होता मले. तुम्ही लोकंही पसंत होते. मले वाटलं, तुमाले दिसून राहिलं."

प्रेमिला त्यांच्याकडे पाहतच राहिली. इतके दिवस आरसा धरून ती त्यांना हसायला सांगत होती. पण आरसा समोर नसतो तेव्हा तुमच्या मते तुमच्या तोंडावर काय असतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं आत काही येतच नाही. आणि आत सगळं येत होतं, रोज येत होतं, दारापर्यंत येऊन बाहेर न पडता तिथंच उभं राहत होतं. मेघाला नोकरी लागली त्या संध्याकाळी हसू आलं असेल. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली तेव्हा ते समोरच बसले होते, आणि त्यांचा कोरा चेहरा पाहून ती दवाखान्याच्या संडासात जाऊन रडली होती. तेव्हाही ते हसत असतील. सकाळी दंतमंजनाचं म्हणाले तेव्हा तर नक्कीच. इतकी वर्षं हा माणूस आपल्याकडे पाहून हसत होता, आणि त्या हसण्याला आपण एकदाही परत हसून दाखवलं नाही.

तिला तिथंच रडावंसं वाटलं, पण सोयऱ्यांच्या घरी ते बरं दिसलं नसतं.

मारोतराव उठले. क्रेटमधून एक संत्रं घेऊन आले, भैय्याजींशेजारी बसून त्यांनी ते सोललं, आणि एकेक फोड त्यांच्या थरथरत्या हातावर ठेवत गेले. "काहून नाही सांगितलं बाप्पा," ते म्हणाले. "आम्ही तं समजलो, आमची पायरी कमी पडली." मग बायकोकडे वळून म्हणाले, साखर आण, सगळ्यांचं तोंड गोड कर. मोहितची आई उठली. वाटी आणताना तिनं मेघाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मेघा पंधरवड्यात पहिल्यांदा हसली.

निघायच्या आधी फोटो काढायचं ठरलं. मोहितनं मोबाइल काढला आणि भैय्याजींना मधे उभं करू लागला. भैय्याजी जागचे हलले नाहीत. पाय चिकटले असतील असं वाटून प्रेमिला त्यांच्या पुढ्यात आपलं पाऊल ठेवायला निघाली, तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडे," ते मोहितला म्हणाले.

मोहितनं आधी मेघाकडे पाहिलं, मग मोबाइल त्यांच्या हातात दिला. सगळे अंगणात क्रेटसमोर उभे राहिले. भैय्याजींनी दोन्ही हातांनी मोबाइल डोळ्यांच्या जरा खाली धरला, आणि त्यांचा हात शांत झाला. रिकामा असला की हा हात जास्त थरथरतो, कामाला लावला की निवतो, असं डॉक्टर म्हणाले होते खरे. प्रेमिलानं ते पाहिलं आज.

"एक," भैय्याजी म्हणाले. "दोन. तीन."

सगळे ताठ उभे राहिले. काहीच झालं नाही. मारोतरावांनी पोट आत ओढून धरलं होतं. मोहितच्या आईनं तिरक्या डोळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "निघाला का जी?" मारोतरावांनी ओठ न हलवता विचारलं, त्याबरोबर मोहित फुटला, मेघा फुटली आणि बाकीचेही हसू लागले. भैय्याजींनी बटण दाबलं.

परतीच्या वाटेवर मेघा चहाला थांबली तेव्हा तिनं मोबाइल उघडला. मोहितनं फोटो पाठवला होता. ती पुढं बसलेल्या बाबांना दाखवून मागं वळली.

"एकदम मस्त आला," ती म्हणाली. "पण आई, तू कुठं पाहून राहिली? सगळे कॅमेऱ्यात पाहून राहिले, तूच वर पाहून राहिली."

प्रेमिलानं मोबाइल हातात घेतला. सगळे हसत होते, आणि ती कॅमेऱ्याच्या जरा वर पाहून हसत होती.

"नजर चुकली," पुढच्या सीटवरून बारीक आवाज आला. "फोटो परत काढा लागन."

मागून तिला त्यांच्या डोक्याचे पांढरे केस तेवढे दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. प्रेमिला परत हसली.